उद्घोषणा कशी वाचावी आणि कशी तपासावी: कोर्टाच्या भिंतीवर, चावडीवर आणि पेपरात लागणाऱ्या कागदांची ओळख

पेपरच्या आतल्या पानांवर बारीक टायपात ‘जाहीर प्रगटन’, ‘ताबा सूचना’, ‘लिलावाची उद्घोषणा’, ‘आरोपीस हजर राहण्याबाबत उद्घोषणा’ असे चौकोन शेजारीशेजारी छापलेले असतात. नवख्या वाचकाला ते सगळे एकाच जातीचे वाटतात, पण तसे ते नसतात. एखाद्या चौकोनामागे कोर्टाचा हुकूम असतो आणि त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शेजारच्या चौकोनामागे फक्त एका वकिलाची सही असते आणि तो वाचला नाही म्हणून कुणाचाही हक्क बुडत नाही.

कायद्यातली जाहीर उद्घोषणा म्हणजे अधिकार असलेल्या व्यक्तीने किंवा संस्थेने, कायद्याने ठरवलेल्या रीतीने, सगळ्यांना उद्देशून केलेली घोषणा. यात ‘ठरवलेल्या रीतीने’ हे शब्द सगळ्यांत वजनदार आहेत. ज्याच्यासाठी उद्घोषणा निघाली त्याला ती खरोखर कळली की नाही, हे कायदा सहसा विचारत नाही. कळवण्याची नेमून दिलेली पद्धत पार पडली, तर ती त्याला कळली असं धरलं जातं. एवढी मोठी सवलत घेतल्यावर पद्धतीत काटकसर चालत नाही. म्हणून उद्घोषणा तपासणं म्हणजे मुख्यतः पद्धत तपासणं. कुठे वाचली, कुठे चिकटवली, कधी, किती दिवसांची मुदत दिली, आणि हे सगळं झाल्याचा कागद कुठे आहे, हे त्यात पाहायचं.

पहिली पायरी: कोणी काढली ते पाहा

मजकूर वाचण्याआधी खालची सही आणि वरचं शीर्षक पाहावं. राष्ट्रपतींनी काढलेली उद्घोषणा सर्वांत वरच्या पातळीची. संविधानाच्या अनुच्छेद 352 खाली आणीबाणीची उद्घोषणा होते. तिला संसदेच्या दोन्ही सभागृहांनी एका महिन्यात मान्यता दिली नाही तर ती आपोआप संपते. अनुच्छेद 356 खालच्या, म्हणजे राज्यात राष्ट्रपती राजवट लावणाऱ्या उद्घोषणेला ही मुदत दोन महिने आहे. सामान्य माणसाचा यांच्याशी थेट कागदोपत्री संबंध क्वचितच येतो.

रोजच्या व्यवहारात भेटतात ती कोर्टाची, महसूल अधिकाऱ्याची, बँकेची आणि वकिलाची प्रकटनं. कोर्टाच्या कागदावर प्रकरणाचा क्रमांक, न्यायाधीशांचं पद, शिक्का आणि पुढची तारीख असते. महसुलाच्या थकबाकीपोटी जमीन विकायची असेल तर तहसीलदाराच्या किंवा जिल्हाधिकाऱ्याच्या सहीने उद्घोषणा निघते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 192 पासून पुढे तिची रीत दिली आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी व गावात दवंडी देणं हा तिचा भाग आहे. बँकेच्या ‘ताबा सूचने’मागे बहुधा थकलेल्या तारण कर्जाच्या वसुलीचा सरफेसी कायदा, 2002 असतो आणि ती काढायला कोर्टाचा हुकूम लागत नाही. ‘माझ्या अशिलातर्फे कळविण्यात येते की’ अशी सुरुवात असेल, तर ती खासगी नोटीस.

दुसरी पायरी: कलम शोधा

उद्घोषणा कुठल्या ना कुठल्या कलमावर उभी असावी लागते. नुसत्या अधिकाराच्या जोरावर तिला नवा गुन्हा किंवा नवी बंदी निर्माण करता येत नाही. याचा निवाडा इंग्लंडमध्ये 1610 साली झाला. राजा पहिला जेम्स याला लंडन आणि परिसरात नवी घरं बांधण्यावर आणि गव्हापासून खळ बनवण्यावर उद्घोषणेने बंदी घालायची होती. मुख्य न्यायमूर्ती सर एडवर्ड कोक यांनी मत दिलं की जे आधी गुन्हा नव्हतं, ते राजा उद्घोषणेने गुन्हा ठरवू शकत नाही. आपल्याकडची कायद्याची चौकट बरीचशी त्याच परंपरेतून आली, म्हणून आजही कुठल्याही जाहीर सूचनेपुढे पहिला प्रश्न हाच: कोणत्या कलमाखाली?

जाहीरपणाचा आग्रह मात्र त्याहून खूप जुना आहे. सम्राट अशोकाच्या कलिंगातल्या स्वतंत्र आदेशलेखांत, धौली आणि जौगड इथे, तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा मजकूर ऐकवला जावा अशी स्पष्ट सूचना कोरलेली आहे. दगडावर कोरून काम भागत नाही, वाचून दाखवावं लागतं, हे त्या कारभाऱ्यांना ठाऊक होतं. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे नालासोपाऱ्यातही मिळाले. भगवानलाल इंद्रजी यांना 1882 मध्ये आठव्या लेखाचा तुकडा सापडला.

मराठी मुलखात उद्घोषणेचं राजकीय वजन सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते 11 फेब्रुवारी 1818 रोजी कंपनी सरकारच्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने साताऱ्यात काढलेल्या जाहीरनाम्यात. पेशवा दुसऱ्या बाजीरावाचं राज्य संपल्याची घोषणा त्यात होती. पण गावोगावी लोकांनी कान टवकारले असतील ते पुढच्या कलमांसाठी: वतनं, इनामं, वर्षासनं (वार्षिक नेमणुका) आणि देवस्थानांची उत्पन्नं चालू राहतील, महसुलाचा मक्ता (वसुलीचा ठेका) बंद होईल, आणि बाजीरावाच्या माणसांकडे भरलेला वसूल जमेस धरला जाणार नाही. हे शेवटचं कलम कायद्याच्या दृष्टीने फार हुशारीचं. ते जाहीर झाल्या क्षणापासून ‘मी वसूल भरला, पण जुन्या सरकारकडे’ ही सबब संपली. राणीचा 1 नोव्हेंबर 1858 चा जाहीरनामा शाळेच्या पुस्तकात असतो, तो लॉर्ड कॅनिंगने अलाहाबादेत वाचला. पण दख्खनच्या जमिनींच्या इतिहासात 1818 चा कागद जास्त कामाचा.

स्वतंत्र भारतात प्रसिद्धीचं हे तत्त्व दोन निकालांनी पक्कं केलं. जयपूर संस्थानात 1923 साली मंत्रिमंडळाने ठराव करून अफूचा कायदा केला, पण तो कुठेही प्रसिद्धच केला नाही. त्या कायद्याखाली शिक्षा झालेल्या हरला नावाच्या माणसाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1951 मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, तो कायदाच अंमलात आला नव्हता असं ठरवलं. ज्या कायद्याची माहिती करून घेण्याची सोयच नव्हती, तो मोडल्याची शिक्षा करणं नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, हा त्याचा गाभा.

दुसरा निकाल मुंबईतला आणि उलट्या बाजूचा. सोन्याच्या वाहतुकीवर बंधन आणणारी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना 24 नोव्हेंबर 1962 रोजी भारताच्या राजपत्रात आली. झुरिकहून मनिलाला निघालेला मेयर हान्स जॉर्ज हा प्रवासी 28 नोव्हेंबरला सांताक्रूझ विमानतळावर अंगावरच्या जाकिटात 34 किलो सोनं घेऊन सापडला. आपल्याला अधिसूचना माहीत असणं शक्यच नव्हतं, हा त्याचा बचाव उच्च न्यायालयात चालला, पण सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये बहुमताने फेटाळला. राजपत्रात रीतसर प्रसिद्धी झाली, तेवढं पुरे. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की सूत्र हाती येतं: प्रसिद्धीच नसेल तर काहीच नाही, आणि रीतसर प्रसिद्धी असेल तर ‘मला माहीत नव्हतं’ चालत नाही.

तिसरी पायरी: फरारी आरोपीची उद्घोषणा असेल तर

1 जुलै 2024 पासून हा विषय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 84 मध्ये आहे. त्याआधीच्या प्रकरणांत फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 82 दिसेल. ढाचा तोच आहे. तपासताना पुढचा क्रम सोडू नये.

सुरुवात वॉरंटपासून करायची. कलम म्हणतं, ज्या कोर्टाने वॉरंट काढलं, त्याच कोर्टाला उद्घोषणा काढता येते, आणि वॉरंट बजावता येऊ नये म्हणून माणूस फरारी झाला आहे किंवा लपून बसला आहे असं मानायला कारण असावं लागतं. म्हणून रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारखेवार नोंदींत, आधी वॉरंट आणि ते न बजावल्याचा पोलिसांचा अहवाल दिसला पाहिजे. समन्स बजावलं गेलं नाही म्हणून थेट उद्घोषणा, ही पहिली मोठी चूक. अहवालात फक्त ‘मिळून आला नाही’ एवढंच लिहिलेलं असेल, कधी गेले, कुणाला विचारलं, शेजाऱ्यांनी काय सांगितलं हे काहीच नसेल, तर कोर्टाला ‘मानायला कारण’ कुठून मिळालं हा प्रश्न उभा राहतो. घरी नसणं आणि फरारी असणं यांत फरक आहे. नोकरीसाठी दुबईला किंवा सुरतेला गेलेला माणूस आपोआप फरारी होत नाही.

मग प्रसिद्धी. कलमात तीन गोष्टी एकमेकींना जोडून सांगितल्या आहेत. तो माणूस नेहमी राहतो त्या गावात किंवा शहरात ठळक जागी उद्घोषणा मोठ्याने वाचायची. त्याच्या घराच्या ठळक भागावर किंवा त्या गावातल्या ठळक जागी ती चिकटवायची. आणि एक प्रत कोर्टाच्या इमारतीवर ठळक जागी लावायची. तिन्ही हव्यात, त्यातली एक निवडायची मुभा नाही. चौथी गोष्ट, म्हणजे त्या भागात खपणाऱ्या दैनिकात छापणं, कोर्टाला वाटलं तर करायची आणि तीही या तिघींच्या जागी नव्हे. प्रत्यक्षात नेमकं उलटं घडतं. पेपरात छापून आलेलं कात्रण प्रकरणाला जोडलेलं असतं, गावात वाचल्याचा मात्र पत्ता नसतो. कात्रण सगळ्यांना दिसतं म्हणून ते पुरेसं वाटतं, कायद्याच्या हिशेबात ते जादाचं.

नंतर दिवस मोजा. हजर राहण्याची तारीख प्रसिद्धीच्या दिवसापासून किमान 30 दिवस पुढची असावी लागते. हुकमाच्या दिवसापासून मोजू नका. कोर्टाने 3 मार्चला हुकूम केला आणि 2 एप्रिल तारीख दिली, तर कागदावर महिना भरल्यासारखा दिसतो. पण पोलीस शिपाई गावात 10 मार्चला गेला असेल तर मुदत 23 दिवसांचीच उरली आणि उद्घोषणा टिकणार नाही. तिन्ही कृती वेगवेगळ्या दिवशी झाल्या असतील तर सर्वांत शेवटच्या कृतीपासून मोजणं सुरक्षित. वाचन 10 मार्चला आणि कोर्टावर प्रत 12 मार्चला लागली असेल, तर 12 एप्रिल किंवा पुढची तारीख निर्धोक. म्हणूनच काही कोर्टं सुरुवातीलाच पन्नास-साठ दिवस पुढची तारीख देतात, आणि ते शहाणपणाचं आहे.

मग कोर्टाचं लेखी निवेदन शोधा. अमुक दिवशी, कायद्यात सांगितलेल्या रीतीने उद्घोषणा रीतसर प्रसिद्ध झाली असं कोर्टाने लेखी नोंदवलं, तर ते निर्णायक पुरावा मानलं जातं. त्याविरुद्ध साक्षी देऊन फारसं काही हाती लागत नाही. पण हे निवेदन वाचन-चिकटवण्याबद्दल असावं लागतं, पेपरातल्या प्रसिद्धीबद्दलचं चालत नाही. शिवाय त्यात विशिष्ट दिवस लिहिलेला हवा. ‘उद्घोषणा बजावली’ एवढ्या दोन शब्दांच्या नोंदीला ते वजन नाही. नवख्या वकिलांनी सर्वांत आधी हा कागद काढावा, कारण तो भक्कम असेल तर वरच्या बऱ्याच हरकतींची धार जाते.

‘उद्घोषित व्यक्ती’ आणि ‘उद्घोषित अपराधी’ यांची गल्लत वकिलांच्या अर्जांतही सापडते. उद्घोषणा निघाली की माणूस उद्घोषित व्यक्ती होतो. उद्घोषित अपराधी ठरवण्यासाठी आणखी एक पायरी आहे: गुन्हा दहा वर्षं किंवा अधिक कैद, जन्मठेप किंवा मृत्युदंडाचा असावा, माणूस दिलेल्या तारखेला आलेला नसावा, आणि कोर्टाने चौकशी करून तसं जाहीर करावं. या जाहीर करण्यालाही वाचन-चिकटवण्याची तीच रीत लागू आहे. धनादेश न वटल्याच्या खटल्यात ‘उद्घोषित अपराधी’ असा शब्द दिसला तर तो जागच्या जागीच चुकीचा, कारण त्या गुन्ह्याला कमाल शिक्षा दोन वर्षं आहे.

शब्दांतल्या या फरकाचे परिणाम मोठे आहेत. उद्घोषणेनंतर हजर न राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 209 खाली वेगळा गुन्हा आहे. साध्या बाबतीत तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा सामुदायिक सेवा, आणि उद्घोषित अपराधी ठरल्यावर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. उद्घोषित अपराध्याला खासगी व्यक्तीही पकडू शकते, मात्र सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. अटकपूर्व जामीन त्याला सहसा मिळत नाही. नव्या संहितेच्या कलम 356 ने तर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवण्याचीही सोय केली, पण त्याआधी किमान 30 दिवसांच्या अंतराने दोन वॉरंटं, वृत्तपत्रात सूचना, नातेवाईक किंवा मित्राला खबर, घरावर आणि पोलीस ठाण्यात प्रत, आणि दोषारोपानंतर 90 दिवस, एवढे अडथळे ठेवले आहेत.

मालमत्तेची जप्ती कलम 85 खाली होते आणि तिची कारणं लेखी नोंदवावी लागतात. उद्घोषणेसोबत त्याच दिवशी जप्ती करायची असेल तर माणूस मालमत्ता विकायच्या किंवा कोर्टाच्या हद्दीबाहेर हलवायच्या बेतात आहे, हे कोर्टाला पटलं पाहिजे. छापील नमुन्यावर दोन्ही हुकूम एकदम काढलेले दिसले तर कारणांची ओळ कुठे आहे ते बघावं.

चौथी पायरी: कोर्टाच्या लिलावाची उद्घोषणा असेल तर

हुकूमनामा (दिवाणी दाव्याचा निकाल) झाला, पैसे भरले नाहीत, दरखास्त (तो अमलात आणण्याचा अर्ज) दाखल झाली, मिळकत जप्त झाली. आता विक्री. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या आदेश 21 मध्ये जप्तीचा नियम 54 आणि विक्रीच्या उद्घोषणेचे नियम 66 ते 68 आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने काही नियमांत आपल्या दुरुस्त्या केल्या आहेत, म्हणून मूळ पुस्तकासोबत त्या पाहिल्याशिवाय अर्ज लिहू नये.

इथे सगळं युद्ध मसुद्याच्या दिवशी असतं, लिलावाच्या दिवशी नव्हे. नियम 66 प्रमाणे दरखास्तदार आणि देणेकरी या दोघांनाही नोटीस देऊन उद्घोषणेचा मसुदा ठरवावा लागतो. ही नोटीस सर्वोच्च न्यायालयाने आवश्यक मानली आहे. मसुद्यात विक्रीची वेळ आणि जागा, कोणती मिळकत, तिच्यावरचा सरकारी सारा, तिच्यावरचे बोजे, वसूल करायची रक्कम, आणि घेणाऱ्याला किंमत जोखायला लागेल अशी प्रत्येक महत्त्वाची बाब असावी लागते. कोर्टाने आपला अंदाज लिहावा अशी सक्ती नाही, पण पक्षकारांनी दिलेले अंदाज मात्र त्यात यायला हवेत. देणेकऱ्याने इथे रेडी रेकनरचा (सरकारी दरपत्रकाचा) उतारा आणि शेजारच्या गटाच्या अलीकडच्या खरेदीखताची सूची दोन, म्हणजे इंडेक्स टू हा नोंदणी कार्यालयाचा उतारा, दाखल करून आपला आकडा नोंदवून घ्यावा. बहुतेक जण इथेच गप्प बसतात आणि कवडीमोल विक्री झाल्यावर धावतात.

उशिरा धावण्याचा उपयोग होत नाही याचं कारण नियम 90 मध्ये आहे. प्रसिद्धीत किंवा विक्रीत मोठी अनियमितता वा लबाडी झाली आणि त्यामुळे खरोखर नुकसान झालं, तर 60 दिवसांत विक्री रद्द करायचा अर्ज करता येतो. पण जी हरकत उद्घोषणा तयार होण्याच्या दिवसापर्यंत घेता आली असती, ती नंतर ऐकली जात नाही. ‘शेतकऱ्याचं राहतं घर जप्त होत नाही’ किंवा ‘एवढ्या देण्यासाठी सगळा गट विकायची गरज नाही’ असले मुद्दे त्या दिवसाआधीच लेखी मांडावेत. दुसरा मुद्दा तर नियमातच आहे: देणं भागेल तेवढाच भाग विकायचा. दोनेक हजारांच्या देण्यासाठी दहा एकर विकल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये याच कारणाने उलटवलं.

प्रसिद्धीची रीत जप्तीसारखीच. मिळकतीवर किंवा तिच्या लगत दवंडी किंवा तिथल्या चालीप्रमाणे घोषणा, मिळकतीच्या ठळक भागावर प्रत, कोर्टात प्रत, सारा भरणारी जमीन असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात, गावची जमीन असेल तर ग्रामपंचायतीतही. बेलिफचा, म्हणजे हुकूम बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याचा, अहवाल वाचताना दवंडी कुणी दिली, कुठे दिली, किती वाजता, पंच कोण, हे तपासा. पूर्वी दवंडी हे महारांच्या वतनी कामांतलं होतं, कनिष्ठ गावकामगार वतनं कायद्याने गेली, आणि पुढे ती कोतवालाकडे आली. आता वाद्य वाजवणारा मिळत नाही म्हणून बेलिफ स्वतःच ‘दवंडी दिली’ असं लिहून मोकळा होतो. दवंडी देणाऱ्याची सही किंवा अंगठा नसेल, किंवा एकाच दिवशी एकाच हाताने चार गावांतल्या चार मिळकतींवर दवंडी दिल्याचे अहवाल असतील, तर तिथे बोट ठेवायला जागा आहे.

कोर्टावर प्रत लागल्याच्या दिवसापासून स्थावर मिळकतीला किमान 15 दिवस आणि जंगम मालाला किमान 7 दिवस गेल्याशिवाय, देणेकऱ्याच्या लेखी संमतीवाचून विक्री होत नाही. नाशवंत मालाला ही मुदत लागू नाही. लिलाव 30 दिवसांहून जास्त पुढे ढकलला तर नवी उद्घोषणा लागते. देणेकऱ्याने नव्या उद्घोषणेचा आग्रह सोडला तरच जुनी चालते. मुदत मागून घेताना ‘नव्या उद्घोषणेची गरज नाही’ अशी पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) त्याच्याकडून सही करून घेतली जाते. ती सही करण्याआधी तिचा अर्थ समजून घ्यावा.

लिलावात बोली लावायची असेल तर आकडे पाठ हवेत. बोली स्वीकारली गेली की लगेच 25 टक्के, उरलेली रक्कम विक्रीपासून पंधराव्या दिवसापर्यंत. हे दोन्ही नियम बंधनकारक आहेत. कोर्टालाही ही मुदत वाढवता येत नाही, असं 1954 सालीच ठरलं आहे. कर्ज मंजूर होईल या भरवशावर बोली लावणाऱ्यांचे 25 टक्के इथेच अडकतात. देणेकऱ्याला अजूनही एक वाट असते: 60 दिवसांत उद्घोषणेतली रक्कम आणि खरेदीदारासाठी खरेदी किमतीच्या 5 टक्के भरले, तर कुठलीही अनियमितता दाखवल्याशिवाय विक्री रद्द होते.

बँकेची ताबा सूचना

थोडक्यात एवढंच. आधी 60 दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा, मग सात दिवसांत दोन आघाडीच्या दैनिकांत ताबा सूचना, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. दोन्ही इंग्रजी पेपरांत छापली असेल तर ती हरकत घेण्याजोगी चूक आहे. दाद कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे 45 दिवसांत मागायची. दिवाणी कोर्टात दावा लावून दिवस घालवू नयेत.

वारसदाखल्याची उद्घोषणा आणि वकिलाची जाहीर नोटीस

पूर्वीच्या मुंबई इलाख्याच्या भागात 1827 चं मुंबई विनियम आठ अजूनही वापरात आहे. वारस असल्याचा दाखला हवा असेल तर कोर्ट उद्घोषणा काढतं आणि हरकत असणाऱ्यांना एका महिन्यात हजर व्हायला सांगतं. मृत भावाची मुलं, दुसऱ्या लग्नाची बायको, परदेशी राहणारी बहीण यांची नावं अर्जातून ‘राहून जातात’ ती अशा भरवशावर की एवढी छोटी उद्घोषणा वाचतंय कोण. पण महिना उलटला म्हणून वारसाचा हक्क संपत नाही. तो दाखला मालकीचा अंतिम निवाडा नसतो, आणि खरा वारस पुढे दिवाणी दावा आणू शकतो.

वकिलाची जाहीर नोटीस म्हणजे घर किंवा जमीन घेणाऱ्याने खबरदारी म्हणून छापलेला मजकूर. तिच्यातले 7, 14 किंवा 15 दिवस रूढीचे आहेत, कायद्याने ठरवलेले नाहीत. ‘मुदतीत हरकत न आल्यास हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल’ हे वाक्य प्रत्येक नोटिशीत असतं आणि त्याने कुणाचाही हक्क सुटत नाही. तिचा उपयोग एवढाच की पुढे वाद झाला तर घेणाऱ्याने प्रामाणिकपणे चौकशी केली होती हे दाखवता येतं. म्हणून ती मिळकतीच्या तालुक्यात खरोखर वाचल्या जाणाऱ्या पेपरात द्यावी. गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि लिहून देणाऱ्याचं पूर्ण नाव त्यात बिनचूक असावं. हिस्सा नंबर चुकला की नोटीस दुसऱ्याच्याच जमिनीची झाली.

आपलं नाव किंवा आपली मिळकत छापून आली तर

फौजदारी उद्घोषणेत नाव असेल तर दिलेल्या तारखेआधीच त्याच कोर्टात वकिलामार्फत हजर राहून वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. पत्ता चुकीचा होता, आपण दुसरीकडे राहत होतो, हे दाखवायला भाडेकरार, नोकरीचं पत्र, पासपोर्टवरचे शिक्के, वीजबिल असं तारीखवार काहीतरी हवं. परदेशात असाल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं वकीलपत्र पाठवता येतं, पण निव्वळ ईमेलने कोर्टाला कळवून काही साधत नाही.

जप्त झालेली मालमत्ता तुमची असेल आणि आरोपी दुसराच असेल, तर जप्तीपासून सहा महिन्यांत हक्कमागणी दाखल करा. ती फेटाळली गेली तर एका वर्षात दावा लावता येतो. ज्याच्या नावे उद्घोषणा निघाली तो स्वतः जप्तीपासून दोन वर्षांत हजर झाला आणि आपण फरारी नव्हतो, आपल्याला हजर होण्यापुरती उद्घोषणेची खबर नव्हती हे सिद्ध केलं, तर मालमत्ता किंवा विक्रीतून खर्च वजा जाता उरलेली रक्कम त्याला परत मिळते.

कुठल्याही बाबतीत पहिल्याच आठवड्यात नकलेचा अर्ज द्यावा. नकला मागायच्या त्या या: संपूर्ण रोजनामा, वॉरंट आणि त्यावरचा अहवाल, उद्घोषणेची मूळ प्रत, बेलिफाचा किंवा पोलिसाचा प्रसिद्धीचा अहवाल पंचनाम्यासह, आणि कोर्टाचं प्रसिद्धीबाबतचं निवेदन. नक्कल विभागात ‘फक्त हुकमाची नक्कल’ मिळते असं सांगितलं गेलं तरी अर्जात हे कागद एकेक करून लिहावेत, कारण सगळ्या हरकती हुकमातून नव्हे तर अहवालातून निघतात. कोर्टाच्या सूचनाफलकाचा आणि आपल्या दाराचा तारीख दिसेल असा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा. पावसाळ्यात चिकटवलेला कागद चार दिवसही टिकत नाही.